आठव्या दोराचा बॅराक्लफ

लाकूडतोडीचा तळ, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा
१४ फेब्रुवारी १९०९

ओबडाया काका,

नाही, नाही आणि नाही. हे मी तिसऱ्यांदा लिहितोय, निदान या खेपेला चष्मा पुसून वाचा.

तुमचं पाकीट एवढं फुगलेलं, की तळावरची पोरं म्हणाली, बॅरीला घरून नोटा आल्या. उघडून बघतो तर चार पानं आपले बॅराक्लफ पूर्वज! पहिल्या पानावर सर गॉडफ्री बॅराक्लफ, जे राजाच्या बाजूनं लढले. त्या लढाईत सगळ्यात आधी माघारी वळलेला घोडा त्यांचाच होता, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय, नाताळात, तिसऱ्या ग्लासानंतर. दुसऱ्या पानावर कॅप्टन बॅराक्लफ, ज्यांनी बेट शोधलं. पुढच्या वर्षी दुसरी जहाजं तिथे गेली तर नुसतं धुकं. तिसऱ्या पानभर तो बिशप. काका, तो बिशप परगण्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. आपण त्याचं दार वाजवलं असतं तर "मागच्या दारानं या आणि पाय पुसा" म्हणाला असता. तो आपला कोण? आणि नाण्यांच्या कडा कातरून चांदी चोरली म्हणून फाशी गेलेला जोएल बॅराक्लफ? तो तर आपल्याच गल्लीतला, आपल्याच रक्ताचा. त्याला तुमच्या घराण्याच्या वहीत ओळभरही जागा नाही!

मेलेल्यांना चार पानं आणि जिवंत झिलाला दोन शब्द: "झिला बरी." माझ्या बहिणीपेक्षा तुमच्या बिशपाच्या संधिवाताची मला जास्त माहिती झाली आहे.

आता मुद्द्याचं. तुम्हाला काय हवंय ते मला पाठ आहे. चर्चच्या टॉवरात आठ घंटा, आठ दोर, आठही दोरांवर बॅराक्लफ, दुसरं नाव औषधालाही नको. पाच हजार चाळीस फेरे, दर फेऱ्यात घंटांचा क्रम बदलायचा, एकही फेरा दुसऱ्यासारखा नाही. तीन तास थांबायचं नाही, कागद बघायचा नाही. आणि मग टॉवरच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांची पाटी. माझ्या जागी तुम्ही भाऊबंदांतल्या विल्फ्रेडला तयार केलंत, तर आठांतले जोब आजोबा वारले. परत सातच. म्हणून मी सहा हजार मैल यायचं?

१९०६ च्या नोव्हेंबरात दोन तास चाळीस मिनिटांनी मी चुकलो. भांड्यांचं फडताळ कोसळावं तशा आठही घंटा एकमेकींवर आदळल्या. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हा बॅराक्लफ नव्हेच." ठीक आहे, नव्हे तर नव्हे. इथे मी बॅरी. मुकादमाला पूर्ण नाव लिहायला फुरसत नाही, आणि अर्ध्या नावावर पगार पूर्ण मिळतो. माझा जोडीदार हाल्वर नॉर्वेचा. करवतीचं दुसरं टोक त्याच्या हातात. त्याला आडनावाचं विचारलं तर म्हणतो, "बाप मासे धरायचा. एवढं पुरे."

तेव्हा माझ्या नावावर काट मारा. झिलाला सांगा, पत्र लिही.

एनॉक


थॉर्नक्लफ, यॉर्कशायर
१० मार्च १९०९

एनॉक,

पत्र मिळालं. आधी वाटलं शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून चालत गेली. मग ओळखलं, तुझं अक्षर.

आधी तुझ्या टवाळीला उत्तर. घोडा माघारी वळला. सर गॉडफ्री वळले नव्हते. ते फक्त घोड्यावर बसलेले होते. कॅप्टनांच्या बेटाचं म्हणशील तर त्या धुक्याखाली बेट नाही, हे आजवर कुणी सिद्ध केलंय? आणि जोएलचं नाव काढू नकोस. वही घराण्याची आहे, तुरुंगाची नव्हे.

तू गेल्यापासून वहीत अकरा नवीन नावं चढली. लीड्समध्ये एक दंतवैद्य बॅराक्लफ निघाला. त्यानं एका उमरावाची दाढ काढली, आणि उमराव ओरडला नाही. तू हसशील. हस. ज्याला स्वतःचं नाव अर्धं करून घेताना काही वाटत नाही त्यानं हसायचं नाही तर कुणी?

आता ऐक. टॉवरच्या तुळया कुजल्यात. मेअखेरीस व्हिटचा सण झाला की घंटा खाली उतरवणार, परत चढवायला दोन वर्षं. दोन वर्षांनी मी बहात्तर. खांदा आत्ताच कुरकुरतो. म्हणजे काय ते या व्हिटच्या आत, नाहीतर नाही. या खोऱ्यात प्रत्येक टॉवरात पाट्या आहेत, पण एकाच नावाच्या आठांची एकही नाही. ती आपली व्हायची होती.

आठवा शोधायला मी काय कमी पायपीट केली? एझ्राला ऐकू येत नाही. लूकला ऐकू येतं, पण दुपारनंतर उभं राहता येत नाही. मग टेकडीवरच्या टायटस बॅराक्लफकडे गेलो. ती मंडळी चॅपलवाली, म्हणजे वेगळ्या पंथाची, चर्चच्या दोराला हात लावत नाहीत. म्हटलं, "टायटस, नाव तर एकच ना आपलं?" तर चुलीवर पाय शेकत म्हणतो, "नाव एकच हो. पण देवाकडे जायच्या वाटा दोन, आणि तुमच्या वाटेवर फार गोंगाट." चहासुद्धा विचारला नाही.

झिलाबद्दल दोन शब्द लिहिले म्हणून रडलास, तर घे. व्हिटच्या सोमवारी तिचं लग्न. मुलगा वॉल्टर. मालगाडीच्या यार्डात सिग्नल ओढतो, बँडात कॉर्नेट फुंकतो, दारू पीत नाही. सगळं ठीक. पण आडनाव काय, तर स्मिथ! अरे, या परगण्यात कुत्र्याला दगड मारला तर वाटेत तीन स्मिथांना लागतो. मी त्याला विचारलं, "तुमच्या नावाची कुणी मोठी माणसं?" तर कार्टा म्हणाला, "असतील की. पण त्यातले आमचे कोणते ते कसं कळणार?" आणि झिला हसली. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझा पाव खाताना हसली.

तू ये. १९०६ चं मी पुन्हा काढणार नाही. माझ्याकडून ते पुसलं. एवढं मोठं मन कुठला काका दाखवतो?

ओबडाया बॅराक्लफ
(पूर्ण नाव. आडनावाची इंग्रजी अक्षरं अकरा. सगळी माझी.)


थॉर्नक्लफ
१२ मार्च १९०९

एनॉक,

काकांनी त्यांचं पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. जाताना दारात थांबवून म्हणाले, "झिला, पत्र जरा कडक झालंय का गं?" म्हटलं, "मी कुठे वाचलंय?" म्हणाले, "दोनदा वाचलंयस. सांग." म्हटलं, "कडक नाही, शिळं झालंय." तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. पण चहा माझ्याच हातचा लागतो.

मी बरी. दोन माग सांभाळते. नवीन मुकादम बऱ्यापैकी माणूस आहे, म्हणजे बोलत नाही. वॉल्टरबद्दल तुला काय सांगू? त्याचे कान मोठे आहेत आणि तो ऐकतो. एवढं एका नवऱ्याला पुष्कळ झालं.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. काका आठवा शोधत गावभर फिरताहेत, आणि आठवी त्यांना रोज चहा देते.

तू गेलास त्या हिवाळ्यापासून जोब आजोबा मला शिकवत होते. घंटेचा लोळा चामड्यानं बांधून ठेवला की दोर ओढता येतो, वर घंटा फिरते, पण आवाज नाही. आठवड्यातून दोनदा, गिरणी सुटल्यावर. काकांना वाटायचं, म्हातारा एकटाच सराव करतोय. पहिल्या महिन्यात तळहाताची साल गेली. दुसऱ्या महिन्यात आजोबा म्हणाले, "पोरी, तू ओढतेस कमी आणि ऐकतेस जास्त. तेच तर हवं असतं." मरायच्या आठ दिवस आधी त्यांनी माझ्याकडून अख्खे पाच हजार चाळीस तोंडी म्हणून घेतले. मध्येच डोळा लागला त्यांचा, पण मी चुकले नाही.

गेल्या रविवारी काकांकडे मी दोर मागितला.

म्हणाले, "झगा अडकेल."

म्हटलं, "पट्ट्यानं बांधीन."

म्हणाले, "बाईमाणसाला तीन तास झेपणार नाहीत."

म्हटलं, "गिरणीत दहा झेपतात."

मग खरं बाहेर पडलं. म्हणाले, "झिला, व्हिटच्या सोमवारी तू स्मिथ होणार. आज बॅराक्लफ, उद्या स्मिथ. भाड्यानं आणलेलं नाव मी पाटीवर घालू?"

तेवीस वर्षं हे नाव मीच वागवते ना रे? मग ते भाड्याचं कसं? त्यांची वही मी नीट वाचलीय, एनॉक. एकशे चौदा बॅराक्लफ, त्यात बाई एकही नाही. आपल्या बायका लग्न होऊन दुसऱ्यांच्या वहीत जातात, आणि तिथेही त्यांना कुणी लिहीत नाही. मला सर गॉडफ्री व्हायचं नाही. मला फक्त ते तीन तास हवेत, लग्नाच्या आधी, आणि भिंतीवर माझं नाव.

आणखी एक. हे वाचताना खाली बस.

१९०६ च्या त्या शनिवारी मी चर्चच्या भिंतीवर बसून मोजत होते. सुरुवातीपासून. तुमचे सराव ऐकून ऐकून हाका मला पाठ होत्या. अमुक फेऱ्याला काकांनी "बॉब!" अशी हाक द्यायची, आणि त्या हाकेला ज्या घंटांची पाळी असेल त्यांनी वाट बदलायची, हे तुला सांगायला नको. शेवटच्या वीस मिनिटांत एक हाक यायला हवी होती. ती आलीच नाही. तू मात्र त्या जागी वळलास, कारण तुझ्या हातांना ठाऊक होतं. बाकीचे हाकेची वाट बघत सरळ गेले. म्हणून आदळलं सगळं. तू चुकला नव्हतास. त्या क्षणी आठांतला एकटा तूच बरोबर होतास.

मी तेव्हाच का नाही बोलले? बोलणार होते. घरी आले तर काका अंधारात बसलेले, बूट काढलेले, टोपी तशीच. धीर झाला नाही. आणि चार दिवसांत तू निघूनच गेलास, स्टेशनवर मागे वळून बघितलंसुद्धा नाहीस.

आता हे त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. आई-बाबा गेल्यावर ओटच्या भाकरीचे तीन तुकडे त्यांनीच केले, आणि मोठा तुकडा कायम तुला गेला. मी बघत असायचे, म्हणून मला माहीत.

झिला


लाकूडतोडीचा तळ
८ एप्रिल १९०९

प्रिय काका,

तुमचं आणि झिलाचं पत्र एकाच दिवशी मिळालं. उत्तरादाखल आधी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. तिसऱ्यानं काही पेट घेऊ नये म्हणून आधी नदीवर जाऊन तोंड धुऊन आलो. पाण्यात अजून बर्फ आहे. फायदा झाला.

तुमचा खांदा कसा आहे? रात्री गरम विटेनं शेकत जा. तुळयांचं वाचून वाईट वाटलं.

मी येणार नाही, काका. रागानं म्हणत नाही. इथला हंगाम तोडायचा तर मुकादम तीन आठवड्यांची मजुरी कापतो. आणि आलो तरी तीन वर्षांत दोराला हात नाही. करवत ओढून हात असे झालेत, की घंटा नुसती ओरबाडून काढीन.

पण आठवा तुमच्या घरात आहे. दोन वर्षं जोब आजोबांनी स्वतः तयार केलेला. लोळा बांधून तासन्‌तास ओढणारा त्यांचा खांदा नव्हता, काका. त्या वयात त्यांना पायताणाची नाडी बांधवत नव्हती, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही? झिलाला दोर द्या.

ती व्हिटच्या सोमवारी स्मिथ होईल. होऊ द्या. आदल्या शनिवारी तर नाही ना? तुमचे सर गॉडफ्री एकच दिवस लढले आणि अडीचशे वर्षं तुमच्या वहीत बसलेत. तिला तीन तास द्या, आणि मग काय लिहायचं ते बघा.

मी कधी तुमच्याकडे काही मागितलं नाही. भाकरीचा तुकडासुद्धा मागावा लागला नाही. हे एक मागतो.

हाल्वर म्हणतो, बहीण घंटा वाजवते असा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला. मी म्हटलं, अजून वाजवायची आहे.

तुमचा,
एनॉक


थॉर्नक्लफ
२४ मे १९०९

एनॉक, पोरा,

तुझं आधीचं पत्र शिव्यांचं होतं, ते मी जेवताना वाचलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हे पत्र मऊ निघालं, आणि ताट मी तसंच झाकून ठेवलं. तू जन्मात कधी मऊ लिहिलं नाहीस. खांद्याला वीट लाव म्हणतोस! तेव्हाच कळलं, याला कळलंय.

पण आधी बातमी. शनिवारी झालं. पाच हजार चाळीस, तीन तास चार मिनिटांत. आठ बॅराक्लफ.

दोर दिला तो तुझ्या सांगण्यावरून नव्हे, असं मी सगळ्यांना सांगितलंय. विल्फ्रेड कुरकुरला, "बाई दोरावर असली तर पंचक्रोशी हसेल." झिला म्हणाली, "हसू दे. घंटांच्या आवाजात ऐकू कुणाला येणार?" मग तिनं घोट्यापाशी झगा पट्ट्यानं आवळला, तळहातावर थुंकली, होय, थुंकली, आणि दोर धरला. पहिल्या दहा मिनिटांत बाकीच्यांनी तिच्याकडे बघायचं सोडलं. बघण्यासारखं काही नव्हतंच. जोब उभा असल्यासारखं वाटत होतं, फक्त तंबाखूचा वास नव्हता.

आता पुढचं लिहायला मला दोन दिवस लागलेत.

अडीच तास झाले. घंटा अशा चालल्या होत्या की जणू त्याच आम्हाला वाजवताहेत. आणि माझ्या डोळ्यांपुढे पाटी आली. काळी पाटी, सोन्याची अक्षरं, वर मधोमध 'बॅराक्लफ'. मग मी वहीतली नावं आठवू लागलो. वाटलं, सर गॉडफ्रींचा उल्लेख वरती यावा की खाली? कॅप्टनांना घ्यावं की नको? बिशपाचं काय करावं? हात दोरावर, मन पाटीवर. आणि हाकेची वेळ आली.

समोर झिला होती. तुला माहीत आहे, मागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बायका एकमेकींचे ओठ वाचतात. ती माझे ओठ वाचत होती. पुढे तिनं सांगितलं, "काका, तुम्ही 'बॉब'च्या आधीचा श्वास घ्यायला हवा होता, आणि तुमच्या ओठांवर होता बिशप." तिनं वाट पाहिली नाही. स्वतःच ओरडली, "बॉब!" असा आवाज, की कबुतरं उडाली. ज्यांनी वळायचं ते वळले. कुणी विचार केला नाही, हाक कुणाची. ती बरोबर जागी आली होती, बस्स.

पुढची प्रत्येक हाक तिनंच दिली. मी दिली नाही. मला ती आधीची वेळ आठवत होती.

१९०६ ला अगदी हेच झालं, एनॉक. तीच पाटी डोळ्यांपुढे, तेच सर गॉडफ्री. हाक मी दिली नाही. तू मात्र वळलास. घंटा कोसळल्या त्याच क्षणी मला ठाऊक होतं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, तसं माझं बोट तुझ्याकडे वळलं. तू एकोणीस वर्षांचा होतास. वाटलं, पोरगं आहे, दोन दिवसांत विसरेल. मग तू गेलास, आणि खरं सांगायला माणूस उरला नाही. मोठ्या मनानं तुला माफ केल्याचं गेल्या पत्रात लिहिलं, ते लिहिताना माझा हात कसा झडला नाही?

शनिवारी शेवटच्या फेऱ्यानंतर, दोर अजून हलत असतानाच, मी सगळ्यांना हे सांगितलं. विल्फ्रेडनं खाली बघून घाम पुसला. झिलानं मला पाणी दिलं. म्हणाली, "प्या. उशीर झालाय, पण पाणी गार आहे."

आता पाटीचा घोळ. रंगारी सोनेरी अक्षराला तीन पेन्स घेतो. आठ माणसांची आठ बॅराक्लफ, प्रत्येकी अकरा अक्षरं, हे नाव इतकं लांब का ठेवलं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्वजांवर चिडलो. तारीख, फेरे, वेळ, नावं, एवढं जमलं. माझ्याजवळ आता आणखी एकाच ओळीचे पैसे आहेत.

ती ओळ कोणती, हे ठरवायचं आहे. नेहमी तिथे 'हाका कोणी दिल्या' ते लिहितात. अर्ध्याहून जास्त फेऱ्यांना मी दिल्या, पण घंटा शेवटापर्यंत नेल्या झिलानं. बाकीचे म्हणतात, ती जागा कोरी सोडा. बाईचं नाव त्या ओळीत अख्ख्या खोऱ्यात कुठे नाही, आणि पाटी रंगेपर्यंत ती स्मिथ झालेली असेल. मला दुसरंच वाटतं. मला तिथे लिहायचंय: '१९०६ चा दोष एनॉकचा नव्हता.' चर्चमध्ये येईल तो वाचेल, मी मेल्यावरही वाचेल.

तू सांग. ज्याचं नाव मी काढून घेतलं त्यानंच सांगावं. तू म्हणशील तीच ओळ रंगवीन.

वहीत एकशे पंधरावं नाव लिहिलं. पहिलीच बाई. पुढे कंसात 'विणकर' असं लिहिलं. ती म्हणाली, "दोन मागांची, असं लिहा." तसं लिहिलं.

तुझा काका,
ओबडाया


लाकूडतोडीचा तळ
२० जून १९०९

काका,

पत्र दोनदा वाचलं, मग हाल्वरला वाचून दाखवलं. इंग्रजी त्याला निम्मीच कळते. पण तुम्ही बोट माझ्याकडे वळवलंत तिथे तो म्हणाला, "वाईट म्हातारा." आणि तुम्ही दोर हलत असतानाच सगळ्यांना सांगितलंत तिथे म्हणाला, "चांगला म्हातारा." मी म्हटलं, एकच आहे रे तो. मग दोघंही बराच वेळ करवतीला धार लावत बसलो.

रागवायचं राहून गेलं. तीन वर्षं राग तयार ठेवला होता, आणि ऐन वेळी तो बिशपच डोळ्यांपुढे उभा राहिला. काका, परगण्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस, ज्यानं आपल्याला पुढच्या दारातून आत घेतलं नसतं, त्याच्या पायी तुम्ही दोनदा हाक विसरलात! घराण्यात याहून मोठा पराक्रम कुणाच्या नावावर नाही. हे वहीत लिहा. नाही लिहिलंत तर मी आल्यावर लिहीन.

होय, येणार. आत्ता नाही. आधी उत्तरेकडे एका पुलाच्या कामावर जातोय, तिथे दिवसाला जास्त देतात, आणि एका जागी राहून मला खाज सुटते हे तुम्ही जाणताच. पण घंटा परत चढतील तेव्हा सराव करायला कुणीतरी लागेल. तोवर खांदा सांभाळा. वीट खरंच लावा. ते मी टोमणा म्हणून लिहिलं नव्हतं.

मुकादमाकडे गेलो होतो. म्हटलं, माझं नाव वहीत पूर्ण लिहा. म्हणाला, "एवढं?" म्हटलं, एवढं. त्यानं तीनदा खोडलं, पण लिहिलं.

झिलाचं लग्न झालं असेल. वॉल्टरनं स्वतःच्याच वरातीत कॉर्नेट फुंकलं का, ते तिला लिहायला सांगा. त्याला माझा निरोप द्या, की मोठे कान तसेच ठेव. या घरातल्या बाईचं न ऐकणाऱ्याचं काय होतं ते काकांना विचार.

आता ओळ. माझ्याबद्दलची ओळ नको. ती तुम्ही मला लिहिलीत, मी वाचली, कागद खिशात आहे. तेवढी पुरते. तीन तास घाम गाळणाऱ्या आठांच्या पाटीवर जो तिथे नव्हताच त्याचं नाव कशाला? उद्या कुणी पोरगं वाचेल आणि विचारेल, हा एनॉक कोण, यानं काय केलं? काय सांगाल? काही केलं नाही, एवढंच सांगाल!

कोरी जागाही सोडायची नाही. तिथे लिहायचं: हाका दिल्या झिला बॅराक्लफ हिनं. स्मिथ नव्हे. त्या शनिवारी जे होतं ते, अख्खं, आद्याक्षरावर न भागवता, आणि बाकीच्यांच्या इतकंच ठळक. भाऊबंद कुरकुरले तर म्हणा, पैसे देणाऱ्यानं तसं सांगितलंय. आणि तुमच्याजवळचे पैसे आहेत ते मोडू नका, त्यातून तिला रंगीत चहाची भांडी घ्या.

ती ओळ माझ्याकडून. इंग्रजी अक्षरं मी बोटांवर मोजली, मग हाल्वरच्याही बोटांवर मोजली, कारण शाळेत मी झोपायचो हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही खेपेला अठ्ठावीसच आली. तीन पेन्सनं एक अक्षर, बारा पेन्सांचा शिलिंग. सोबत मनीऑर्डर आहे, सात शिलिंग.